समुद्राकाठचं जुनं घर सुट्टीसाठी भाड्याने घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्राजवळच्या खेड्यातलं, जुन्या पद्धतीचं घर आठवडाभरासाठी भाड्याने घ्यायचंय. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि ६ व ९ वर्षांची दोन मुलं. शोधता शोधता दोन घरं उरली आहेत. पहिलं थेट कड्यावर, पांढरंशुभ्र, समुद्राच्या बाजूला भलीमोठी काच, ‘पुळण दोन मिनिटांवर’. दुसरं समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत, गवताने शाकारलेलं, खिडक्या बारक्या, फोटो अंधारलेले, आणि मालकीणबाई शेजारच्याच घरात राहतात. कोणतं घ्यावं, आणि पैसे भरण्याआधी काय काय विचारावं?

मी गेली २२ वर्षं अशीच घरं सांभाळतो. पाहुणे येण्याआधी घर उघडायचं, ते गेले की तपासायचं, मधल्या काळात पडझड बघायची, हे माझं काम. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

फोन लागला की भाडं, वायफाय, गाडी लावायला जागा हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या आधी त्या घरात कोण राहून गेलं आणि कधी? समुद्राकाठचं जुनं घर नांदतं असलं की ठणठणीत असतं आणि बंद पडलं की महिन्याभरात आजारी पडतं. बाकीच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे कुबट वास, ओलसर गाद्या, फुगलेले दरवाजे, गंजलेल्या कड्या, या एकाच गोष्टीतून निघतात.

त्याचं कारण मिठात आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळायला लागतं. किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी दिवस हवा त्याहून दमट असते. आणि या घरांच्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या वाऱ्याने मीठ आणून टाकलेलं असतं, ते दगडाच्या सांध्यांत मुरलेलं असतं. म्हणून छप्पर कुठेही गळत नसताना एखाद्या मळभाच्या दिवशी भिंत ओलीगच्च दिसते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की त्याच जागी पांढरी भुकटी फुटते. याला लोणा लागणं म्हणतात. लोणा दिसला म्हणून घर टाकाऊ होत नाही. बघायचं असतं ते एवढंच, की ओल बाहेर जायला वाट ठेवली आहे की नाही.

जुन्या गवंड्यांनी ती वाट ठेवली होती. दगड चुन्यात किंवा मातीत बसवलेला, आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. चुना वाफ अडवत नाही. ओल भिंतीत शिरते तशीच बाहेरही पडते. पुढे कुणीतरी ‘कायमचा बंदोबस्त’ म्हणून सिमेंटचा गिलावा मारतं, वर चकचकीत प्लास्टिक पेंट लावतं, आणि भिंतीचा श्वास कोंडतो. ओल आतल्या आत साठते, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. दरवर्षी मोसमाच्या तोंडावर त्यावर नवा हात मारला जातो आणि लगेच फोटो काढले जातात. पांढऱ्याशुभ्र फोटोंबद्दल म्हणूनच मी जरा सावध असतो. भिंतीचा तळाचा मीटरभर भाग दिसेल असा, पलंगामागचा किंवा कपाटामागचा, आजचा ताजा फोटो मागा. चांगला मालक तो पाच मिनिटांत पाठवतो.

आणि एक विचारा: भिंतीला आतून काय लावलंय, चुना की पेंट? उत्तर चुना असो वा पेंट, मालकाला ते माहीत आहे का, हे मला ऐकायचं असतं. ज्याला माहीत आहे तो त्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिलेला असतो. जो म्हणतो ‘विचारून सांगतो’ आणि मग सांगतच नाही, त्याच्या घराची काळजी दुसरंच कुणीतरी घेत असतं, किंवा कुणीच घेत नसतं. असं घर घेताना तुम्ही भिंती आणि छप्पर तर घेताच, पण त्याहून जास्त, ते सांभाळणारा माणूस घेता.

माझ्याकडून एकदा झालेली चूक सांगतो. हिवाळ्यात ११ आठवडे बंद राहिलेलं घर होतं. माझ्यावर तीन घरांची घाई होती. पाहुणे दुपारी यायचे होते आणि मी ते घर त्याच दिवशी सकाळी उघडलं. शेगडी पेटवली, खिडक्या उघडल्या, हवा बरी वाटायला लागली. स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाची बरणी होती. झाकण काढलं तर आत मिठाचा एकच दगड झालेला, चमचा त्यात रुतून उभा. काडेपेटीतल्या काड्या घासल्या की गुलाचा नुसता लगदा होत होता. तेव्हाच मला समजायला हवं होतं की जी ओल मिठात आहे, काड्यांत आहे, तीच गाद्यांत आहे. संध्याकाळपर्यंत खोली ऊबदार झाली, पण जाड दगडी भिंत तापायला दोन-तीन दिवस लागतात. रात्री शेगडी विझली आणि भिंतीने सगळी ऊब पिऊन टाकली. त्या कुटुंबातल्या मुलाला दमा होता. दुसऱ्या रात्री त्याला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला आणि ते लोक पहाटे घर सोडून गेले. पैसे परत दिले, पण त्या मुलाचा घरघरणारा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून बंद घर मी पाहुण्यांच्या निदान तीन दिवस आधी उघडतो आणि गाद्या भिंतीपासून ओढून उभ्या करून ठेवतो. तुम्हीही विचारा: घर आमच्या आधी किती दिवस उघडं आणि गरम ठेवाल? आणि पोचल्यावर आधी मिठाची बरणी उघडून बघा. मीठ मोकळं असेल तर घर राहतं आहे.

आता काचेबद्दल. खरोखर जुनं असलेलं समुद्राकाठचं घर बहुधा समुद्राकडे बघत नाही. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना समुद्र रोजच दिसत होता. घरात त्यांना हवा होता तो निवारा. म्हणून घराची पाठ वाऱ्याकडे, दार आणि खिडक्या आडोशाच्या बाजूला, खिडक्या छोट्या आणि खोल. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर गॅरेनिन नावाची वस्ती आहे. तिथली ‘ब्लॅकहाऊस’ पद्धतीची घरं म्हणजे दगडाच्या दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत माती, कोपरे गोलाकार, म्हणजे वारा आदळायला धार मिळत नाही, आणि गवताचं छप्पर उडू नये म्हणून त्यावर दोर टाकून टोकांना दगड लटकवलेले. १९७४ साली तिथले शेवटचे रहिवासी बाहेर पडले. पुढे वस्ती दुरुस्त केली आणि आज त्यांतली काही घरं सुट्टीसाठी भाड्याने मिळतात. आत बसलं की बाहेरचं वादळ ऐकू येतं, पण पडदा हलत नाही.

समुद्राच्या अंगाला मोठी काच म्हणजे नंतर फोडलेली भिंत. ते वाईटच असं नाही. पण काचेवर दिवसभर ऊन असेल तर खोली भट्टी होते, वारा सुटला की चौकट शिट्टी वाजवते, आणि खाऱ्या तुषारांनी काच दोन दिवसांत आंधळी होते. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि दुपारी जोर धरतो, रात्री उलटा फिरतो. कड्यावरच्या घराच्या अंगणात दुपारी चहाचा कप टेबलावर टिकतो का, हे मालकाला सरळ विचारा. आडोशाची, वळचणीखालची एखादी बसायची जागा असेल तर आईवडिलांची दुपार तिथेच जाईल.

‘पुळण दोन मिनिटांवर’ हे वाक्य मी वाचलं की तीन गोष्टी विचारतो. दोन मिनिटं कोणाची, पायऱ्या किती, आणि भरतीला पुळण उरते का?

कड्यावरच्या घराला समुद्र दिसायला दोन मिनिटं लागतात, पोचायला नाही. मधे दीडशे पायऱ्या किंवा घसरडी पाऊलवाट असू शकते. उतरताना सगळे आनंदात उतरतात. वर येताना ओली मुलं, वाळूने भरलेली पिशवी आणि गुडघे धरलेली आजी, असा ताफा असतो. नकाशावर उपग्रहाचं चित्र आणि उंचीच्या रेषा दोन्ही बघा. रेषा दाटीवाटीने आल्या असतील तर तिथे चढ आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. याउलट दीड किलोमीटर सपाट रस्ता असेल तर तो वीस-पंचवीस मिनिटांचा छान फेरफटका आहे, आणि आईवडिलांना गाडीने थेट वाळूपर्यंत सोडता येतं.

भरतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण तुमची अख्खी सुट्टी त्यावर चालणार आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, आणि रोज सगळं वेळापत्रक सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. म्हणजे आठवडाभरात ते जवळजवळ सहा तास सरकतं. पहिल्या दिवशी भर दुपारी पुळण कोरडी मिळाली असेल, तर निघायच्या दिवशी त्याच वेळी तिथे पाणी असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनंतर उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. आणि एक गंमत अशी की एका ठिकाणी उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते. ती वेळ त्या गावच्या कोणाही मच्छीमाराला पाठ असते. मालकालाही असायला हवी.

चढउतार किती, हे किनाऱ्यावर अवलंबून आहे. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो जेमतेम अर्धा मीटरभर, जाणवतही नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सां-मालोला उधाणात तो १२ मीटरच्या वर जातो, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत. अशा ठिकाणी ‘पुळण’ ही जागा नसून वेळ असते.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही मुलांना घेऊन जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाच्या १२ भागांपैकी एक भाग पाणी वाढतं, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. खडपाच्या पलीकडच्या छोट्या कोपऱ्यात खेळायला गेलेली माणसं अडकतात ती याच दोन तासांत. तिथे जायचं असेल तर ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी तासभर जा आणि पाणी फिरलं की परता. पोहताना जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाण्याचा पट्टा शांत, गडद दिसतो, ती जागा सुरक्षित वाटते, पण बहुधा तिथूनच पाणी खोल समुद्राकडे ओढलं जात असतं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. आणि कड्याच्या पायथ्याशी, विशेषतः पाऊस होऊन गेल्यावर, मुलांना बसवू नका. दगड सुटतात.

छपराकडे येतो. गवताचं छप्पर म्हटलं की लोक गळण्याची काळजी करतात. नीट शाकारलेलं छप्पर सहसा गळत नाही. पाखं चांगली उभी, ४५ ते ५० अंशांच्या उतारात ठेवलेली असतात, पाणी वरच्या काही इंचांतूनच घरंगळून जातं. वेतासारख्या ताठ, चांगल्या गवताचं छप्पर ३०-४० वर्षं टिकतं, फक्त आढ्यावरचा भाग मधे मधे, १०-१५ वर्षांनी, पुन्हा करावा लागतो. अशा घराला बहुधा पन्हळ नसते. पागोळ्या वळचणीखालून सरळ जमिनीवर पडतात, आणि ते पाणी भिंतीपासून दूर वाहून नेणारा उतार हवा. वळचणीखाली शेवाळ आणि भिंतीला ओलीचा पट्टा दिसला तर पाणी तिथेच साठतंय.

गवताच्या छपराची खरी काळजी आग. ठिणगी बहुतेक वेळा धुराड्यातून येते. म्हणून शेगडी किंवा चूल पेटवायची सोय असेल तर विचारा: धुराडं शेवटचं कधी झाडून घेतलं? तारीख हवी, ‘नियमित’ हा शब्द नको. लाकूड वाळलेलं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ओलं लाकूड धूर करतं, धुराचं काजळ धुराड्यात चिकटतं आणि एके दिवशी तेच पेटतं. घरात ठेवलेली लाकडं एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड टणत्कार करतं, ओलं नुसतं धपकन वाजतं. अंगणात फुलबाज्या, कंदील, निखाऱ्यांवरचा स्वयंपाक यांना मनाई असेल तर ती मनापासून पाळा.

आणि कार्बन मोनॉक्साइड. याबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. लाकूड, कोळसा, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की तो तयार होतो. वारा जोराचा असेल तर धुराड्यातला धूर उलटा खोलीत येतो, आणि किनाऱ्यावर वारा जोराचाच असतो. त्यात थंडी वाजते म्हणून पाहुणे दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबतात आणि भिंतीतला झरोका वर्तमानपत्राने बुजवतात. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल. ज्या खोलीत काहीही जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि तुम्ही पोचल्यावर त्याचं बटण दाबून तो वाजतो हे ऐकायला हवं. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथेही. अलार्म नाही असं मालक म्हणाला तर ते घर सोडून द्या. फार जीव जडला असेल तर बॅटरीवरचा अलार्म स्वतः घेऊन जा, तो हातात मावतो.

आईवडिलांसाठी घराचा कच्चा आराखडा मागा, हाताने काढलेला चालेल. त्यात मला चार गोष्टी दिसायला हव्यात: त्यांचा पलंग, संडास, त्या दोन्हींमधली वाट, आणि रात्रीचा दिवा. जुन्या घरात न्हाणीघर बहुधा मागाहून जोडलेलं असतं, त्यामुळे मधे एक-दोन पायऱ्यांची उतरण असते, ती फोटोत दिसत नाही. माळ्यावरच्या खोलीचा जिना कित्येकदा शिडीसारखा उभा असतो. दारांची उंची कमी असते, तुळई खाली असते, उंबरठा उंच असतो. मुलं दोन दिवसांत सरावतात. पण वडील रात्री दोन वाजता अंधारात उठतात तेव्हा कपाळाला तुळई आणि पायाला उंबरठा एकाच वेळी लागतो. मी वयस्कर पाहुण्यांसाठी उंबरठ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा पट्टा लावून ठेवतो. साधी चिकटपट्टी आहे, तुम्हीही लावू शकता, निघताना काढून टाका.

पाणी विहिरीचं असेल तर ते तपासून घेतलंय का, हे विचारा, आणि नाही म्हणाले तर प्यायला वेगळी सोय करा. किनाऱ्यालगतच्या विहिरींत उपसा जास्त झाला की खारं पाणी शिरतं. घर काही दिवस बंद असेल तर पोचल्यावर सगळे नळ आणि शॉवर खिडक्या उघड्या ठेवून चार-पाच मिनिटं वाहू द्या.

मैलापाण्यासाठी बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक असतो. त्यातलं काम जिवाणू करतात. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, तेलतूप आणि बाटलीभर जंतुनाशक ओतलं की ते काम थांबतं, आणि मग वास तुम्हालाच येतो. टाकी ठरावीक माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते. सहाजणांच्या घरात ‘दोन दिवस भावाचंही कुटुंब येईल’ असं करू नका. मालक खुर्च्या आणखी देऊ शकतो, टाकी मोठी करू शकत नाही.

पैशांचं बोलू. मालकाला व्हिडिओ कॉल करून घराच्या आत-बाहेर फिरायला सांगा. घराचे फोटो इमेज-सर्चमध्ये टाका, तेच घर दुसऱ्या नावाने दुसऱ्या देशात सापडलं तर प्रश्नच मिटला. ज्या संकेतस्थळावरून घर सापडलं तिथेच पैसे भरा. ‘थेट माझ्या खात्यात टाका, कमी करून देतो’ या वाक्यानंतर पुढे बोलू नका, मग माणूस कितीही गोड वाटो. लेखी कबुलीत येण्या-जाण्याच्या वेळा, माणसांची संख्या, अनामत रक्कम किती आणि ती किती दिवसांत परत, वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, चादरी-टॉवेल आणि सरपण कोणाचं, शेवटची साफसफाई कोणाची, हे असावं. वादळामुळे रस्ता किंवा बोट बंद झाली तर काय, हे बहुतेक कराराच्या कागदांत नसतंच. समुद्राकाठी ते असायलाच हवं, म्हणून तुम्ही लिहून मागा. आणि रात्री काही बिघडलं तर कोण येईल, किती वेळात, हेही त्यातच. फोन नंबर पुरेसा नाही. मला त्या माणसाचं घर किती लांब आहे ते हवं असतं.

एकट्यादुकट्या मालकावर विसंबायचं नसेल तर काही ठिकाणी संस्था हे काम करतात. फ्रान्समधली ‘जीत द फ्रांस’ १९५५ पासून खेड्यांतली घरं सुट्टीसाठी देते आणि त्यांना गव्हाच्या लोंब्यांनी १ ते ५ असा दर्जा देते. ब्रिटनमधली लँडमार्क ट्रस्ट १९६५ पासून पडायला आलेल्या ऐतिहासिक इमारती दुरुस्त करून भाड्याने देते, आणि भाड्याच्या पैशांतून त्यांची देखभाल होते. त्यांच्या घरांत टीव्ही मुद्दाम ठेवलेला नसतो. भाडं देणारा माणूस घर जगवायला हातभार लावतो, ही कल्पना मला फार पटते, आणि लहान मालकांच्या बाबतीतही हेच घडतं.

त्यात तुमचाही वाटा आहे. चारजणांचं कुटुंब श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि कपडे वाळत घालणं यांतून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी घराच्या हवेत सोडतं. ओले पोहण्याचे कपडे आणि टॉवेल घरात, शेगडीसमोर वाळत घालू नका, बाहेर वळचणीखाली दोरी बांधा. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या वीस मिनिटं उघडा. वाळू दारातच झटकायला लावा, न्हाणीघरात धुऊ नका, ती नळीत बसते आणि निघत नाही. खारं पाणी लागलेल्या कडीला तेलाचा थेंब लावून गेलेले पाहुणे मला भेटलेत. त्यांना मी पुढच्या वर्षी हवा तो आठवडा देतो.

तर तुमच्या दोन घरांपैकी मी दुसरं घेईन. बारक्या खिडक्या आणि अंधारे फोटो ही जुन्या घराची खूण आहे, दोष नाही. तळमजल्यावर आईवडिलांची खोली असेल आणि रस्ता सपाट असेल तर दीड किलोमीटर काहीच नाही. मालकीणबाई शेजारी राहतात, ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची सोय आहे, आणि ती जाहिरातीत ‘सोयी’ या रकान्यात कधीच येत नाही. पण आधी त्यांना फोन करून चार गोष्टी विचारून घ्या: घरात शेवटचं कोण कधी राहिलं, धुराडं कोणत्या तारखेला झाडलं, अलार्म किती आणि कुठे, आणि उधाणाची भरती तुमच्याकडे किती वाजता येते. ती दुपारच्या सुमारास येत असेल तर आठवडा अष्टमीच्या आसपासचा मागा, म्हणजे मुलांना भर दुपारी वाळू मिळेल. उन्हाळा संपताना जमत असेल तर तेच धरा. पाणी जमिनीपेक्षा उशिरा तापतं, म्हणून युरोपासारख्या थंड प्रदेशात सर्वांत मोठा दिवस उलटून महिना-दोन महिने झाले की समुद्र सर्वांत उबदार असतो, आणि घरही सगळा उन्हाळा नांदतं राहिल्याने भिंती कोरड्या असतात. तो आठवडा मोकळा नसेल तर त्याच्या पुढचा विचारा, आधीचा नको.